उंबरठ्यावरचा न्याय : अमेरिकेतील नोकरीविषयक भेदभावाचे दावे आणि समरी जजमेंट

प्रस्तावना

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. वयाविषयीचा स्वतंत्र कायदा १९६७ मध्ये आणि अपंगत्वाविषयीचा १९९० मध्ये संमत झाला. कायद्याच्या पुस्तकातील हे हक्क ठसठशीत आहेत. परंतु हे हक्क घेऊन फेडरल न्यायालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे म्हणणे ज्यूरी ऐकते. पुष्कळ दावे तडजोडीने मिटतात. उरलेल्यांपैकी अनेक, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्यापूर्वीच, केवळ कागदपत्रांच्या वाचनावर निकाली निघतात. प्रस्तुत लेखात या टप्प्यावरील न्यायाधीशांच्या कार्यपद्धतीचा परामर्श घेतला असून, मॅसॅच्युसेट्समध्ये १९९४ ते २०११ या काळात फेडरल न्यायाधीश असलेल्या नॅन्सी गर्टनर यांच्या ‘लूझर्स रूल्स’ (२०१२) या निबंधातील प्रतिपादनाची चिकित्सा केली आहे.

नियमाचे स्वरूप

फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ५६ अन्वये, महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत खराखुरा वाद नसेल आणि कायद्याने अर्जदार पक्ष निकालास पात्र असेल, तर न्यायाधीश खटला न चालवताच निर्णय देतो. यालाच समरी जजमेंट म्हणतात. भारतीय वाचकाला दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ७ नियम ११ खालील वादपत्र फेटाळण्याची तरतूद परिचित आहे. मात्र तेथे न्यायालय मुख्यतः वादपत्रच पाहते. समरी जजमेंटच्या वेळी दोन्ही पक्षांनी गोळा केलेले दस्तऐवज, ई-मेल आणि शपथेवरील जबान्या न्यायाधीशापुढे असतात. म्हणजे पुरावा असतो, पण तो तोलण्याची मुभा नसते. ‘अँडरसन विरुद्ध लिबर्टी लॉबी’ या १९८६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. साक्षीची विश्वसनीयता ठरवणे, पुरावा तोलणे आणि वस्तुस्थितीवरून रास्त अनुमान काढणे ही कामे ज्यूरीची आहेत. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचा पुरावा खरा मानून चालले पाहिजे. त्याच वर्षीच्या ‘सेलोटेक्स’ व ‘मात्सुशिता’ या निवाड्यांसह या त्रयीने समरी जजमेंटला प्रतिष्ठा मिळवून दिली. हे तीन वाद अनुक्रमे बदनामी, ॲस्बेस्टॉस आणि मक्तेदारीविरोधी कायदा यांविषयीचे होते. त्यांपैकी एकही नोकरीविषयक नव्हता, तरी त्यांचा मोठा परिणाम नोकरीविषयक दाव्यांवर झाला.

हेतूचा प्रश्न

हा परिणाम या क्षेत्रातच इतका तीव्र का व्हावा, याचे उत्तर दाव्याच्या स्वरूपात आहे. मालाचा पुरवठा झाला की नाही, याला पावती असते. मालकाने कर्मचाऱ्याला कोणत्या हेतूने काढले, याला पावती नसते. हेतू हा शेऱ्यांतून, तारखांतून, इतरांना मिळालेल्या वागणुकीतून आणि बदलत्या खुलाशांतून अनुमानाने काढावा लागतो. अनुमान काढणे तर ज्यूरीचे काम. ते न्यायाधीशाने करू नये असा नियम आहे, आणि ते केल्याशिवाय अर्जाचा निकाल लागत नाही असा व्यवहार आहे.

या पेचातून वाट काढण्यासाठी न्यायालयांनी ज्या चौकटीचा आधार घेतला, ती मुळात या कामासाठी घडलेलीच नव्हती. सेंट लुईस येथील पर्सी ग्रीन हा कृष्णवर्णीय मेकॅनिक आणि नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ता. मॅकडॉनेल डग्लस कंपनीने त्याला पुन्हा कामावर घेण्यास नकार दिला. त्याच्या दाव्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन पायऱ्यांची रचना सांगितली : कर्मचाऱ्याने प्रथमदर्शनी भेदभाव दाखवावा, मालकाने वैध कारण पुढे करावे, आणि मग ते कारण निव्वळ बहाणा आहे हे दाखवण्याची संधी कर्मचाऱ्याला मिळावी. हा दावा ज्यूरीविना, न्यायाधीशापुढे चाललेला होता. सातव्या प्रकरणाखालील दाव्यांत ज्यूरीचा हक्क आणि मर्यादित नुकसानभरपाई १९९१ च्या दुरुस्तीने आली. तोपर्यंत तथ्य ठरवणारा आणि कायदा सांगणारा एकच होता, त्यामुळे पायऱ्यांचा हेतू केवळ विचाराला शिस्त लावण्याचा होता. १९९१ नंतर ही दोन कामे वेगळी झाली. पण चौकट मात्र न्यायाधीशाच्याच हातात राहिली, आणि शिस्तीचे साधन अडसर बनले. संसदेने ज्यूरी दिली आणि न्यायालयांनी ज्यूरीच्या दारापुढे पायऱ्या चढवल्या, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

पायऱ्यांबरोबर ठोकताळेही आले. ज्याने नेमले त्यानेच काढले, तर त्याच्या मनात भेदभाव नसावा, असे अनुमान चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९१ च्या ‘प्राउड विरुद्ध स्टोन’ या वयविषयक निवाड्यात मान्य केले आणि ते पुढे इतरत्र पसरले. मनुष्यस्वभावाविषयीचा हा एक तर्क आहे. तो ज्यूरीला पटेल किंवा पटणारही नाही. तो कायद्याचा नियम कसा होऊ शकतो, हा प्रश्न उरतोच.

‘भटके शेरे’ या कल्पनेचा प्रवास याहून बोधप्रद आहे. १९८९ च्या ‘प्राइस वॉटरहाऊस विरुद्ध हॉपकिन्स’ मध्ये न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी आपल्या स्वतंत्र मतात, कामाच्या ठिकाणच्या सुट्या शेऱ्यांवरून सिद्धिभार मालकावर ढकलता येणार नाही, एवढेच म्हटले होते. पुढे कनिष्ठ न्यायालयांनी अशा शेऱ्यांना पुराव्यातून जवळजवळ वजाच करण्यास प्रारंभ केला. एका टॉयलेट-सीट उत्पादक कंपनीत चाळीस वर्षे काढलेल्या रॉजर रीव्हज यांना सत्तावन्नाव्या वर्षी, हजेरीच्या नोंदी नीट ठेवल्या नाहीत म्हणून कमी केले गेले. नोंदी नीट होत्या असा पुरावा त्यांनी दिला. ‘तू इतका म्हातारा की मेफ्लॉवर जहाजातूनच आला असशील’ अशा आशयाचे अधिकाऱ्याचे उद्गारही पुराव्यात होते. ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने तो फिरवताना, हे उद्गार कमी करण्याच्या निर्णयाच्या संदर्भात काढलेले नव्हते, हे कारण दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एकमताने ज्यूरीचा निकाल पुन्हा कायम केला आणि निकालपत्र ओकॉनर यांनीच लिहिले! खटला होऊन गेल्यावरचा हा निवाडा असला, तरी त्याची कसोटी समरी जजमेंटलाही लागू आहे, असे त्यातच नमूद आहे. तरीही सहाच वर्षांनी ‘ॲश विरुद्ध टायसन फूड्स’ मध्ये, प्रौढ कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्या व्यवस्थापकाने ‘बॉय’ म्हणण्यात, सोबत वंशदर्शक विशेषण नसेल तर पुरावा नाही, हे अपील न्यायालयाचे मत सर्वोच्च न्यायालयाला चुकीचे ठरवावे लागले. अलाबामात त्या शब्दाचा अर्थ कळण्यासाठी विशेषणाची गरज कोणाला असावी? स्थानिक प्रथा, स्वर आणि संदर्भ जाणणारी माणसे ज्यूरीत बसतात, ती याच कारणासाठी.

गर्टनर यांचे प्रतिपादन

गर्टनर यांनी या स्थितीची कारणे न्यायाधीशांच्या मनापेक्षा त्यांच्या दैनंदिन कामात शोधली, हे त्यांच्या निबंधाचे मोल आहे. त्यांच्या मते, मालकाचा अर्ज मंजूर करायचा तर न्यायाधीश सविस्तर निकालपत्र लिहितो, कारण दावा संपतो आणि अपील होणार असते. अर्ज नामंजूर करायचा तर ‘नामंजूर’ हा एक शब्द पुरतो. दावा पुढे खटल्याकडे किंवा तडजोडीकडे जातो. परिणामी छापील निकालपत्रांत हरलेल्या कर्मचाऱ्यांच्याच कहाण्या साठतात. कोणता पुरावा अपुरा, याची यादी वाढत जाते; कोणता पुरेसा, हे कोठेच लिहिले जात नाही. पुढचा न्यायाधीश दाखले शोधतो तेव्हा त्याच्या हाती हीच यादी लागते. नवनियुक्त न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात नागरी हक्कांचे दावे ‘निकालात कसे काढावेत’ या सुरात विषय मांडला गेल्याची आठवणही त्या नोंदवतात.

हे विश्लेषण मार्मिक आहे, पण अपुरे आहे. मंजुरीला निकालपत्र आणि नामंजुरीला एक शब्द, ही विषमता करारभंगापासून विम्यापर्यंत सर्वच दाव्यांत आहे. तेथे हरलेल्यांचे नियम तितके का साचले नाहीत? गर्टनर यांच्या कारणाला हेतूच्या प्रश्नाची जोड दिल्यावाचून उत्तर मिळत नाही. पावतीविषयीच्या वादात दहा निकालपत्रे लिहिली तरी माणसाच्या मनाविषयी सिद्धान्त तयार होत नाही; हेतूविषयीच्या वादात प्रत्येक निकालपत्र असा एक सिद्धान्त मागे ठेवते. दुसरे असे की, सबळ दावे आधीच तडजोडीने मिटतात आणि दुबळे निकालापर्यंत रेंगाळतात, या संभवाला निबंधात पुरेसे स्थान नाही. कामाचा बोजा आणि खरोखरच पोकळ असलेले दावे हे न्यायाधीशांचे म्हणणेही सर्वस्वी टाकाऊ नाही. शिवाय २०१० च्या दुरुस्तीनंतर अर्ज मंजूर वा नामंजूर करण्याची कारणे न्यायालयाने नोंदवावीत, असे नियम ५६ च सांगतो. तो आदेश सक्तीच्या भाषेत नाही, हे खरे. पण गर्टनर यांच्या निदानावरील एक औषध नियमातच पडून आहे, याची दखल घ्यायला हवी होती.

अलीकडील वळण

सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१६ च्या ‘ऑर्टिझ विरुद्ध वर्नर’ मध्ये पुराव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे ढीग करणे थांबवण्यास बजावले : सर्व पुरावा एकत्र वाचा आणि समंजस ज्यूरी त्यावरून भेदभाव मानू शकेल का, एवढेच विचारा. याहून अनपेक्षित आवाज २०२५ मध्ये उठला. उदारमतवादी गर्टनर यांच्याशी एरवी क्वचितच एकमत होईल असे न्या. क्लॅरन्स थॉमस यांनी, न्या. गॉर्सच यांच्या सहमतीने, ‘हिटल विरुद्ध सिटी ऑफ स्टॉक्टन’ हे प्रकरण ऐकण्यास न्यायालयाने नकार दिला त्याविरुद्ध मत नोंदवताना, आणि पुन्हा जूनमधील ‘एम्स विरुद्ध ओहायो’ मध्ये, मॅकडॉनेल डग्लस चौकट समरी जजमेंटच्या कसोटीशी जुळते का, असा प्रश्न उपस्थित केला. बहुसंख्याक गटातील वादीवर काही अपील न्यायालयांनी लादलेली जादा पायरी ‘एम्स’ मध्ये न्यायालयाने एकमताने काढून टाकली. मूळ तीन पायऱ्यांना मात्र हात लावला नाही. मार्लिन एम्स यांची पदावनती २०१९ मधली. सहा वर्षांत तीन न्यायालयांनी त्यांची कागदपत्रे वाचली आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा खाली पाठवले. तोवर एकाही ज्यूरीने त्यांची साक्ष ऐकलेली नव्हती.