इतिहासाच्या प्रशिक्षणात इतिहास किती?

करकंबहून पंढरपूर वीसेक किलोमीटर. प्रशिक्षणाचा निरोप आला की वर्ग कोणावर तरी सोपवायचा आणि सकाळची एस.टी. पकडायची. हजेरीपटावर सही, चहा, प्रास्ताविक, मग तज्ज्ञ मार्गदर्शकांचे भाषण. अलीकडे यातले बरेचसे मोबाइलवर आले. २०२० मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा'वर सुरू झाले. व्हिडिओ पाहायचे, प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. एस.टी.चे भाडे वाचले, एवढे मान्य करू.

प्रशिक्षणे कमी पडतात अशी आमची तक्रार नाही. दर पाच वर्षांत प्रत्येक शिक्षकाला दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात वर्षाला ५० तास सांगितले आहेत. आमच्या राज्यात १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी मिळायची तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागतेच. त्यामुळे तास भरतात. पण त्या तासांत अध्ययन निष्पत्ती असतात, मूल्यमापन असते, तंत्रस्नेही होण्याचा आग्रह असतो. हे सगळे गणिताच्या आणि हिंदीच्या शिक्षकालाही तसेच्या तसे चालते. इतिहास मात्र त्यात भेटत नाही.

विज्ञानाच्या सोबत्यांशी तुलना केली की हे चटकन लक्षात येते. होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तिथल्या प्रशिक्षणाचा गाभा एकच होता: मुलांनी जो प्रयोग करायचा, तो आधी शिक्षकाने स्वतःच्या हाताने करायचा. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, तरी ही गोष्ट आज कोणी नाकारत नाही. इतिहासाच्या शिक्षकाचा प्रयोग कोणता? जुना कागद वाचणे, दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहणे, एखाद्या वास्तूपुढे उभे राहून प्रश्न विचारणे. आमच्या कित्येक प्रशिक्षणांत असा एकही प्रयोग झाला नाही.

२०१८ मध्ये दहावीचे नवे पुस्तक आले. पुस्तक धाडसी आहे. सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेने होते. रांके, मार्क्स, फुको अशी नावे खेड्यातल्या दहावीच्या वर्गात प्रथमच आली. आम्हांला त्याचा आनंदच झाला. पण त्या वेळच्या एका उद्बोधन वर्गात बहुतेक वेळ प्रश्नप्रकार आणि गुणविभागणी समजावण्यात गेला. रांकेने मूळ कागदपत्रांवर भर दिला, हे वाक्य आम्ही मुलांना लिहून देतो. मूळ कागद म्हणजे काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला दाखवायला आमच्यापाशी काय आहे?

याहून अवघड प्रसंग मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा. बहमनी काळातला दुष्काळ, दामाजीपंतांनी लोकांसाठी उघडलेली धान्याची कोठारे आणि विठू महार होऊन दरबारी पैसे भरून आलेला विठ्ठल ही कथा इथल्या मुलांना पुस्तकात वाचावी लागत नाही. वर्गातल्या कित्येकांच्या घरी वारी आहे. ही कथा खरी का, असे एखादा विचारतोच. 'दंतकथा' म्हणून झटकली तर त्याचे घर दुखावते. 'खरी' म्हटले तर विषय बुडतो. मधली वाट आहे. कथा घडली का, हा एक प्रश्न. ती शतकानुशतके का सांगितली गेली, दुष्काळात राजाने काय करावे अशी लोकांची अपेक्षा होती आणि देवाने महाराचेच रूप का घ्यावे, हे वेगळे प्रश्न. आणि त्यांच्यासाठी ही कथाच साधन आहे. पुढे त्याच विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वर्गात बोलायचे तर शिक्षकाची तयारी लागते, आणि थोडे धैर्यही. त्यासाठी एक दिवसाचेही प्रशिक्षण कोणी घेतलेले आम्हांला आठवत नाही.

मंगळवेढ्याजवळच भीमाकाठी ब्रह्मपुरी आहे. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी इथे होती. माचणूरचा किल्ला आजही उभा आहे. प्रशिक्षणाचा एक दिवस तिथे नेला तर? एवढ्या लष्कराला आणि जनावरांना दाणावैरण कुठून येत असेल, भोवतालच्या गावांचे काय झाले असेल, हे प्रश्न नदीकाठीच सुचतात. सभागृहाच्या पडद्यावर ते सुचत नाहीत.

आणि तेही जमत नसेल तर शाळेतले कपाट उघडावे. जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जात, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण अशा नोंदी असतात. नावे झाकून (हे पथ्य पाळावेच) मुलांसमोर ठेवल्या तर मुली केव्हापासून शाळेत येऊ लागल्या, दुष्काळी वर्षांत किती जणांनी शाळा सोडली, हे मुले स्वतः मोजू शकतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर हीच रजिस्टरे बाहेर निघाली. लोकांच्या दाखल्याचा प्रश्न होता, आणि कित्येक जुन्या नोंदी मोडीत. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तो शोध शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकापाशी संपायला हवा होता. पुराभिलेख खात्याचे मोडी वर्ग काही दिवसांचेच असतात. वरिष्ठ श्रेणीच्या प्रशिक्षणात तसा एक वर्ग धरला जावा, एवढे तरी आमच्या संघटनांनी मागून पाहावे.