मंत्रावाचून अद्भुत

अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय होय, असे आपली काव्यशास्त्रीय परंपरा मानते. परंतु हा विस्मय नेमका कशाविषयी वाटतो? घडलेल्या कृतीविषयी, की ती जिच्या हातून घडते त्या व्यक्तीविषयी? या जुन्या प्रश्नाला आज एका अनपेक्षित क्षेत्रात व्यवहारी महत्त्व आले आहे. ते क्षेत्र म्हणजे ‘रोलप्लेइंग गेम’ या नावाने ओळखला जाणारा कथात्म खेळ.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. चारसहा जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र स्वीकारतो. एक जण त्या काल्पनिक जगाचे निवेदन करतो. आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. पात्र ज्या साच्यातून घडते त्याला ‘क्लास’ म्हणतात. योद्धा, जादूगार, चोर, व्रतस्थ वीर अथवा पॅलडिन, वनरक्षक अथवा रेंजर हे असे वर्ग आहेत. आपल्या शास्त्रकारांनी धीरोदात्त, धीरललित असे नायकभेद केले, त्यांच्याशी या वर्गांचे नाते उघड आहे. नियमांच्या रूपाने मांडलेली ती पात्रकल्पनाच होय, आणि म्हणून ती समीक्षेचा विषय होऊ शकते.

व्रतस्थ वीर, वनरक्षक यांसारखे वर्ग अद्भुत राहावेत, पण त्यांनी मंत्र म्हणू नयेत, अशी त्यांची पुनर्रचना करावी काय, हा या क्षेत्रातील एक जिवंत वाद आहे. खुद्द प्रकाशकांनीच 2015 साली मंत्रविरहित वनरक्षकाचा एक प्रायोगिक मसुदा वाचकांपुढे ठेवला होता. वरवर पाहता हा तांत्रिक तपशिलाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः अद्भुताच्या स्वरूपासंबंधीच्या दोन भिन्न धारणा त्यात समोरासमोर उभ्या आहेत.

या खेळातील मंत्रपद्धती गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतली. व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (1950) या पुस्तकातील जादूगार मोजकेच मंत्र कष्टाने मनात साठवतो, आणि मंत्र वापरला की तो स्मृतीतून पुसला जातो. विझत चाललेल्या सूर्याखालच्या, ज्ञानाचे अवशेषच उरलेल्या जगात ही कल्पना विलक्षण शोभते. तेथील विस्मरण हा त्या जगाच्या ऱ्हासाचाच एक अंश आहे. खेळातही ही पद्धती जादूगाराच्या वाट्याला आली तोवर काही बिघडले नव्हते. ती इतरांकडे पसरली तेथून अडचणीला प्रारंभ झाला.

व्रतस्थ वीराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1975 साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत तो प्रथम अवतरला तेव्हा त्याच्यापाशी मंत्रच नव्हते. हस्तस्पर्शाने तो जखमा भरून काढी, रोग त्याला बाधत नसे. 1978 च्या ग्रंथात त्याला नवव्या पातळीपासून मंत्र मिळाले. 2000 च्या आवृत्तीत चौथ्या, 2014 च्या आवृत्तीत दुसऱ्या, आणि 2024 च्या आवृत्तीत पहिल्याच पातळीपासून. ज्या धर्मप्रहाराने तो ओळखला जातो, तो 2014 पर्यंत त्याच्या अंगचा गुण होता. मंत्रांसाठीची शक्ती त्यात खर्च होई, एवढाच मंत्राशी त्याचा संबंध. 2024 मध्ये तो प्रहारच मंत्र झाला. परिणामी तोंड दाबलेल्या वीराला तो करता येत नाही, आणि समोरच्या जादूगाराला प्रतिमंत्राने तो निष्फळ करता येतो. श्रद्धेचे सामर्थ्य उच्चाराच्या सोयीवर अवलंबून राहिले.

वनरक्षकाचेही असेच झाले. त्याचे मूळ टॉल्किन यांच्या अॅरागॉर्नमध्ये आहे, हे सर्वमान्य आहे. अॅरागॉर्न वनस्पतीने आणि हाकेने मरणोन्मुखांना परत आणतो, तो राजवंशाचा असल्यामुळे. शपथभंग केलेले मृतात्मे त्याच्या मागून चालतात, ते त्याच्या पूर्वजाला दिलेले वचन अपुरे राहिल्यामुळे. यात मंत्र कोठेही नाही. खेळात मात्र 2000 साली विशिष्ट शत्रूच्या दीर्घ अभ्यासातून येणारे जे प्रावीण्य होते, तेच नाव 2024 मध्ये एका मंत्राच्या नित्यसिद्धतेला दिले गेले. अनुभव गेला आणि यादीतील एक नोंद उरली.

भाषांतरकाराला ही हानी विशेष स्पष्ट दिसते. ‘स्पेल’ या इंग्रजी शब्दाचा प्राचीन अर्थ कथन, वचन असा आहे. त्यामुळे ‘मंत्र’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु वनरक्षक पशूंशी बोलतो तेथेही मंत्र, आणि वीर जखम भरतो तेथेही मंत्र असे लिहीत गेल्यावर लेखणी अडखळते. वर, शाप, सिद्धी, तप, व्रत, करणी असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत. ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. सामर्थ्य कोणी दिले, कशाने मिळवले, कशाने गमावले, यांची निरनिराळी उत्तरे त्यांच्यात साठवलेली आहेत. एका शब्दात ती सगळी कोंबली की पात्रांमधील भेदही पुसट होतो.

महाभारतकारांनी हा भेद किती जाणतेपणाने राखला आहे ते कर्णाच्या चरित्रात पाहावे. त्याच्यापाशी दोन प्रकारचे अद्भुत आहे. ब्रह्मास्त्र हे शिकलेले, मंत्राचे. परशुरामाशी खोटे बोलून मिळवल्यामुळे ऐन वेळी ते आठवत नाही. कवचकुंडले जन्मजात, ती अंगापासून सोलून इंद्राला द्यावी लागतात, आणि म्हणूनच त्या दानाला मोल आहे. कवच हाही एक मंत्र असता तर तो प्रसंग उभाच राहिला नसता. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले. त्यासाठी तो काहीच म्हणत नाही. तो खरे बोलतो, एवढेच. अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य उच्चारताच रथ जमिनीला टेकतो. व्रतस्थ वीराच्या कल्पनेचे याहून नेमके रूप दाखवणे कठीण आहे.

मंत्रपद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे हलक्याने घेण्याजोगे नाही. शेकडो मंत्रांची एकच यादी सर्वांना ठाऊक असते, त्यांचे बलाबल तोललेले असते. प्रत्येक वर्गासाठी निराळे नियम केले तर खेळणाऱ्याच्या स्मृतीवर भार पडतो. शिवाय नाव बदलल्याने काम होत नाही. 2008 च्या आवृत्तीत वनरक्षकाच्या शक्तींना मंत्र म्हटलेले नव्हते. पण सर्व वर्गांच्या शक्ती एकाच घाटात ओतल्यामुळे त्या सारख्याच वाटू लागल्या, ही तक्रार तेव्हा अनेकांनी केली. यावरून दिसते ते असे की, मंत्र काढून टाकणे हे पुनर्रचनेचे अर्धेच काम आहे. उलट 1978 च्या ग्रंथातील ‘मंक’ हा साधक पशूंशी बोलतो, मृतवत पडून राहू शकतो, रोगापासून मुक्त असतो, आणि हे सर्व अभ्यासाने साधलेल्या देहाचे गुण म्हणून येते. अशी रचना शक्य आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

म्हणून पुनर्रचना करणाऱ्याने प्रत्येक अद्भुत शक्तीला तीन प्रश्न विचारावेत. पात्राची वाचा बंद केली तर ती टिकते काय? पात्राच्या कोणत्या वर्तनाने ती नष्ट होते? आणि ती दुसऱ्या वर्गाला जशीच्या तशी देता येईल काय? वीराने ज्याच्या रक्षणाचे वचन दिले त्याच्यावरचा घाव स्वतःच्या अंगावर यावा, आणि वचन मोडताच हे थांबावे, असा नियम तिन्ही कसोट्यांना उतरेल. वनरक्षकाने ज्या भूमीची राखण पत्करली तेथे त्याचे पाऊल उमटू नये, आणि ती त्याने सोडली की इतरांसारखेच उमटावे, हाही उतरेल. दोन्ही नियम एका ओळीत सांगता येतात. त्यांसाठी नव्या यादीची गरज नाही.

अशा नियमाने खेळणाऱ्याच्या हाती एक साधन येते आणि त्याबरोबर एक जबाबदारीही येते. मंत्र खर्च झाला की तो दुसऱ्या दिवशी परत मिळतो. मोडलेले वचन तसे परत मिळत नाही, आणि कथेला प्रारंभ होतो तो तेथूनच.