चिओंगसामची उंच कॉलर

वाँग कार-वाय यांचा ‘इन द मूड फॉर लव’ हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. त्याविषयी आजही बोलले जाते ते मुख्यत्वे नायिकेच्या पोशाखांविषयी. मॅगी चेऊंग यांनी त्यात वीसहून अधिक चिओंगसाम परिधान केले आहेत. त्यांना ‘आशियाई सौंदर्याचे प्रतीक’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मात्र या गौरवात त्या वस्त्रामागची माणसे हरवतात, असे मला वाटते.

उंच ताठ कॉलर, अंगासरशी शिवण आणि बाजूला चीर असलेला हा झगा १९२०च्या दशकात शांघायमध्ये रूढ झाला. १९४९च्या सत्तांतरानंतर तेथील अनेक शिंपी आणि त्यांची गिऱ्हाइके हाँगकाँगला आली. मायभूमीत मात्र हेच वस्त्र अपराध ठरले. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांच्या पत्नी वाँग ग्वांगमेई यांनी १९६३च्या इंडोनेशिया दौऱ्यात ते नेसले होते. १९६७ साली रेड गार्डांनी त्यांना बळेच तो झगा चढवायला लावला, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली आणि बीजिंगमधील छिंगह्वा विद्यापीठात जमावापुढे उभे केले. माणसाच्या वस्त्रावरून त्याचा न्याय करण्याची खोड कोणत्या थराला जाते, हे यातून दिसावे.

चित्रपटाची कथा सुरू होते १९६२च्या हाँगकाँगमध्ये. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. घरमालकीण शांघायची, घरात बोली शांघायची आणि बाहेर सारे शहर कँटनी बोलणारे. दिग्दर्शक स्वतः शांघायला जन्मून पाचव्या वर्षी हाँगकाँगला आलेले. या निर्वासितांसाठी चिओंगसाम म्हणजे अंगावर वागवलेले गाव होते.

नायिका त्याच वेशात जिना उतरून डब्यात नूडल्स आणायला जाते, आणि एवढ्यासाठी इतका थाट कशाला, म्हणून शेजारणी कुजबुजतात. तिचे दुःख कोणाला ठाऊक नाही. तिचा पती आणि शेजाऱ्याची पत्नी यांचे गुप्त संबंध उघड होतात तेही वस्तूंवरूनच: शेजारणीची पर्स हिच्या पर्ससारखी, शेजाऱ्याचा टाय हिच्या पतीच्या टायसारखा, आणि दोन्ही परदेशातून आणलेले! फसवले गेलेले हे दोघे एकमेकांकडे ओढले जातात, तरी त्या दोघांसारखे व्हायचे नाही असा निश्चय करतात. मान वळवू न देणारी ती कॉलर हा निश्चय शब्दांवाचून सांगते. वैवाहिक निष्ठेवर इतक्या संयमाने बोलणारे चित्रपट विरळाच.

वेशभूषाकार विल्यम चँग हेच या चित्रपटाचे संकलकही आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. जिना तोच, दिवाही तोच. बदलते ते केवळ कापड, आणि त्यावरून दिवस उलटल्याचे आपण ओळखतो. वस्त्राला दिनदर्शिकेचे काम देण्याची ही युक्ती मला अतिशय आवडली.

तथापि एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीच्या कपाटात इतके झगे! शेजारणींचा सवाल मग काही अंशी आपलाही होतो. कॅमेरा तिच्या पाठीमागून संथपणे चालू लागला, की कित्येकदा तिच्या मनापेक्षा कापडावरील फुलांतच तो रमतो. पुढे जाहिरातवाल्यांनी तेवढी फुले उचलली. हाँगकाँगच्या सर्वसामान्य बायकांनी तर साठीचे दशक सरता सरता स्वस्त तयार कपड्यांसाठी चिओंगसाम नित्याच्या वापरातून काढून टाकला होता. उरला तो समारंभापुरता, आणि हॉटेलातील सेविकांच्या अंगावर.