आनंदीबाईंचा शब्द

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घराघरांत पोहोचली. तिची रसवत्ता वादातीत आहे. गोपाळरावांच्या विक्षिप्त, कठोर आणि तरीही ध्येयवेड्या स्वभावाचे चित्रण इतके प्रभावी उतरले आहे की, वाचक त्यांच्यावर रागावतो आणि अखेर त्यांनाच दाद देतो. माझा आक्षेप आहे तो ह्या दाद देण्याला.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई माता झाल्या. मूल दहाच दिवस जगले. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपल्या परदेशगमनाचे कारण सांगितले : परपुरुषाकडून तपासून घेण्यास स्त्रिया स्वभावतःच संकोचतात, म्हणून ह्या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टर हव्यात. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये, कोल्हापूरच्या इस्पितळात रुजू होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. कादंबरीत मात्र पतीचा हट्ट मोठा होतो आणि बाईचा शब्द मागे पडतो. १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. ते शेजारी ठेवून कादंबरी वाचावी, म्हणजे ही उणीव ध्यानात येईल.

साहित्यातील ही सवय आपल्या घरांतही आहे. बाईचे दुखणे म्हापशाच्या वा बांबोळीच्या इस्पितळात केव्हा न्यावे, हे पेडणे-डिचोलीच्या कित्येक घरांत आजही कर्ता पुरुषच ठरवितो. तो भला असला, तर ती वेळेवर पोहोचते. नसला, तर ‘बायकांची दुखणी’ म्हणून ती अंगावर काढते. तिच्यासाठी देवीचा कौल घेतला जातो. तिला स्वतःला मात्र कोणी विचारीत नाही.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. एका प्रौढ अविवाहित स्त्रीला भूल दिलेली असताना आईच्या संमतीवर तिचे गर्भाशय काढण्यात आले होते; ती संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ग्राह्य धरली नाही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातही सज्ञान स्त्रीला पतीच्या संमतीची अट नाही.

गोपाळरावांसारखा पती सर्वांच्या वाट्याला येत नाही. आला, तरी बाईचे आरोग्य त्याच्या मर्जीवर ठेवणे न्यायाचे नव्हे. कादंबरी अवश्य वाचावी. आणि ती मिटल्यावर घरातील आजारी सुनेला ‘तुझे काय म्हणणे आहे?’ असे विचारण्याची बुद्धी झाली, तर ते वाचन सत्कारणी लागले असे समजावे.