वेताळाचे डोळे

ली फॉक यांचा फँटम वर्तमानपत्राच्या पानावर पहिल्यांदा आला तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. सुपरमॅन आला १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा घालून दुष्टांचा समाचार घेणाऱ्या चित्रकथांच्या घराण्यात फँटम थोरला. थोरल्या भावाची बऱ्याच घरांत जी गत होते तीच याचीही झाली. धाकटे शहरात जाऊन कमावते झाले, त्यांचे बंगले उठले आणि हा गावाकडंच राहिला. पॅरामाउंटने १९९६ मध्ये त्याच्यावर काढलेल्या चित्रपटाला सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च आला आणि अमेरिकेत त्याने जेमतेम पावणेदोन कोटी मिळवले. त्यानंतर मोठ्या पडद्यानं त्याचं नाव घेतलेलं नाही.

असं का व्हावं, हा प्रश्न मी गेली बावीस-तेवीस वर्षं बाळगून आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची. चित्रपटाचं किंवा साहित्याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. जे काही आहे ते रद्दीवाल्यांकडून जमवलेल्या अंकांतून, व्हीसीडींतून आणि पुढे मुलांनी मिळवून दिलेल्या प्रतींतून आलेलं आहे. तेव्हा हा लेख एका चाहत्याचा आहे, आणि चाहत्याचा लोभ नि आकस या दोन्ही गोष्टी वाचकांनी त्यात गृहीत धराव्यात.

माझ्या पिढीला फँटम भेटला तो 'वेताळ' म्हणून. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं मार्च १९६४ मध्ये, 'द फँटम्स बेल्ट' या कथेनं. ते १९९० मध्ये बंद पडलं. इंग्रजीखेरीज ते हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांत निघे. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला, हिंदी-मराठीत 'वेताळ'. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आरवलीला जाणं ठरलेलं. तिथला वेतोबा रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्याथोरल्या चामडी वहाणा वाहतात. केळ्यांचे घडही वाहतात. इंग्रजीत फँटमची ओळख चालतं-फिरतं भूत अशी. आमच्याकडं ते भूत आधीपासूनच चालत होतं, फक्त त्याला घोडा नव्हता. वेताळाचा पांढरा घोडा हीरो आणि डेव्हिल हा लांडगा यांची मला त्यामुळं कधी नवलाई वाटली नाही. वेतोबाला वाहन मिळालं, एवढंच वाटलं.

एक नाव बदलल्यानं कथेचा पिंड किती बदलतो ते पाहण्यासारखं आहे. 'फँटम' या शब्दात नुसता भास आहे. 'वेताळ' या शब्दात भय आहे, आणि शिवाय राखणदारी आहे. मूळ मालिकेत देशाचं नाव बंगाला. ते बंगालशी फार लागून जातं म्हणून इंद्रजालमध्ये 'डेंकाली' झालं. चाच्यांची 'सिंग' टोळी इथे 'सिंगा' झाली. गंमत अशी की १९९६ च्या चित्रपटातही तीच टोळी 'सेंग' होऊन आली. मुंबईतल्या संपादकाला आणि हॉलिवुडच्या निर्मात्याला एकाच ठिकाणी ठेच लागली. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून-जोडून पानांत बसवताना इंद्रजालवाल्यांनी कथांची बरीच काटछाटही केली, आणि जाणकार संग्राहक त्याबद्दल अजून बोटं मोडतात. मीही मोडतो. पण माध्यमांतर म्हणतात ते हेच असतं. पडद्याची गोष्ट पुढे येते, तिच्याआधी हे कागदावरचं रूपांतर ध्यानात ठेवावं लागतं.

आता डोळ्यांकडं येऊ. वेताळाच्या मुखवट्याला बुबुळं नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी भोकं. ग्रीक पुतळ्यांवरून हे सुचल्याचं फॉक सांगत असत. पुढे बॅटमॅनपासून पुष्कळांनी ही लकब उचलली. पण वेताळाच्या बाबतीत ती नुसती लकब नाही, कथेचा कायदा आहे. त्याचा चेहरा पाहील तो भयानक मरणानं मरेल, अशी जंगलात म्हण. शहरात जाताना तो ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो, आणि तिथेही वाचकाला त्याचे डोळे दिसत नाहीत. दशकानुदशकं चाललेल्या मालिकेत चित्रकार बदलले, रे मूर गेले, विल्सन मॅकॉय आले, साय बॅरींनी १९६१ पासून १९९४ पर्यंत रेखाटन केलं. डोळे कुणी उघडले नाहीत. कारण आत नेमका कोण आहे हे महत्त्वाचं नाहीच. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका माणसानं बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र तो चारशे वर्षं जगणारा एकच वाटतो. वेताळाची ताकद त्याच्या मुठीत थोडी आणि लोकांच्या बोलण्यात जास्त आहे. त्याला उडता येत नाही, त्याच्या अंगातून किरण निघत नाहीत. तो मरतो, आणि मेल्याचं कुणाला कळू देत नाही, हीच त्याची एकमेव अमानवी करामत.

कॅमेऱ्याचं नेमकं इथे अडतं. कॅमेऱ्याला नट लागतो, आणि नटाला डोळे असतात. १९९६ मध्ये बिली झेननं ही भूमिका केली, आणि मनापासून केली. त्यानं शरीर कमावलं होतं, वावरण्यात एक दिलखुलास सभ्यपणा होता. पण मुखवट्यातून त्याचे डोळे स्वच्छ दिसतात, आणि न्यूयॉर्कमध्ये तर तो उघड्या चेहऱ्यानं टॅक्सीतून हिंडतो. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो केबलवर, आमच्या चाळीतल्या शेजाऱ्यांकडं. शेजारी म्हणाले, "चांगला दिसतो की रे तुझा वेताळ!" माझं नेमकं तेच दुखणं होतं. वेताळ चांगला दिसत होता. आता कुणी म्हणेल, हा तांत्रिक प्रश्न आहे. २०१६ मध्ये 'डेडपूल'नं आणि त्याच वर्षीच्या 'सिव्हिल वॉर'मधल्या स्पायडरमॅननं हलणारे पांढरे डोळे करून दाखवले, तेव्हा अडचण संपली. तशी ती संपलेली नाही. डेडपूलच्या डोळ्यांना भाव दाखवायचे असतात, वेताळाच्या डोळ्यांना ते लपवायचे असतात.

तरी सायमन विन्सर दिग्दर्शित त्या चित्रपटाला मी टाकाऊ म्हणणार नाही. त्यानं काळ तीसच्या दशकातलाच ठेवला, हे शहाणपण. ट्रीट विल्यम्सचा खलनायक नाटकातल्या खलपुरुषासारखा मजेत ओरडतो, कॅथरिन झिटा-जोन्सची वैमानिक साला सगळ्यांवर मात करते. पटकथा जेफ्री बोम यांची. ती आधी जो दान्ते करणार होते आणि तिच्यात थट्टेचा सूर बराच होता. पडद्यावर आली तेव्हा पुष्कळसा भाग गंभीर चेहऱ्यानं खेळला गेला. त्यामुळं काही प्रसंगांत हसावं की नाही हे कळत नाही. पोशाख जांभळा, त्यावर कोरीव नक्षी. निळ्या-काळ्या पट्ट्यांची ती जगप्रसिद्ध चड्डी मात्र गाळली. चाहत्यांत यावर किती शाई खर्ची पडली असेल ते विचारू नका.

त्याआधीचा, १९४३ चा कोलंबियाचा पंधरा भागांचा बोलपट मला जास्त प्रामाणिक वाटतो. टॉम टायलर हा नट. यानंच दोन वर्षांपूर्वी कॅप्टन मार्व्हल रंगवला होता. नायकाचं नाव इथे जेफ्री प्रेस्कॉट आहे. पैसा कमी, जंगल स्टुडिओतलं. पण पहिल्याच भागात म्हातारा फँटम मारला जातो आणि मुलगा त्याची जागा घेतो. घराण्याचं मर्म पटकथाकारांना कळलं होतं. पुढे १९५५ मध्ये त्याच धर्तीची दुसरी मालिका काढायला घेतली, हक्कांची अडचण आली, तेव्हा पोशाख बदलून तिचं 'कॅप्टन आफ्रिका' करून टाकलं. वेताळाला वेताळाचा पोशाखच नाकारला गेल्याचं हे एकच उदाहरण असावं असं वाटलं होतं, पण २००९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत, रायन कार्न्सच्या वाट्याला यंत्रांनी भरलेला आधुनिक पोशाख आला, तेव्हा तोही समज गेला. त्या मालिकेविषयी याहून जास्त लिहिण्याची इच्छा नाही.

१९८६ च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या कार्टून मालिकेनं, ज्यात फ्लॅश गॉर्डन, मँड्रेक आणि लोथार हेही आहेत, एक वेगळाच अपराध केला. तिथला फँटम मंत्र म्हणावा तसं काहीतरी पुटपुटतो आणि त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ येतं. मूळ मालिकेत दहा वाघांचं बळ ही लोकांनी केलेली अतिशयोक्ती होती. इथे ती खरी करून टाकली. दंतकथा खरी ठरली की ती दंतकथा राहत नाही, आणि वेताळ दंतकथेवरच जगतो. याउलट १९९४ ची 'फँटम २०४०' ही मालिका, पस्तीस भागांची, पात्ररेखाटन पीटर चुंग यांचं. त्यात नायक चोविसावा फँटम, एक विद्यार्थी. आपण कुणाचे वारस आहोत हे त्याला ठाऊकच नसतं. जंगल उद्ध्वस्त झालेलं, शहराखाली एक भुताळ जंगल वाढतंय. मूळ कथेपासून ही मालिका सर्वांत दूर गेली आणि तरी वारशाचं ओझं तिलाच नीट पेलता आलं. पाचही अवतारांत माझं मत हिला.

इथवर चाहता बोलला. चारेक वर्षांपूर्वी माझी भाची सुट्टीत आली होती, अकरावीत होती तेव्हा. तिनं माझे इंद्रजालचे अंक ओळीनं वाचले आणि विचारलं, "मामा, या जंगलातल्या बाकीच्यांना काहीच जमत नाही का?" मी उत्तर दिलं नाही. नंतर तेच अंक पुन्हा काढून बसलो. गुरन आणि त्याचे बांदार लोक कसे काढलेत ते पाहिलं. लहान, भाबडे, सतत वेताळाची वाट पाहणारे. गोरा माणूस चार शतकं सिंहासनावर बसून काळ्यांना न्याय देतो, हा मूळ सांगाडा. मराठीत वाचताना तो मला दिसला नाही, कारण आमचा वेताळ मुखवट्याखाली गोरा आहे हे मनात कधी आलंच नव्हतं. भाषांतरानं मला आनंद दिला आणि त्याच हातानं माझ्या डोळ्यांवर झापड घातली. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं फिटत नाही, आणि भाचीचं विचारणं आठवलं की आजही तो अंक हातात धरायला थोडा संकोच वाटतो.

मग पडद्यावरचे सगळे अवतार मी या नजरेनं पुन्हा पाहिले. १९९६ चा चित्रपट प्रश्न जुन्या काळात नेऊन ठेवतो. १९८६ ची मालिका नायकाला जंगलातून उचलून अंतराळातल्या खलनायकासमोर उभं करते, २००९ ची शहरात घेऊन येते. प्रत्येकानं अडचण ओळखली आणि तिला वळसा घातला.

फॉक यांनी स्वतः मात्र वळसा घातला नाही, निदान पूर्णपणे नाही. साठच्या दशकात आफ्रिकी देश स्वतंत्र होत असताना त्यांनी बंगालामध्ये लामांडा लुआगा आणला. पेशानं डॉक्टर, काळा, निवडून आलेला अध्यक्ष. त्याच्याशी वेताळ मित्रासारखा वागतो, देशाचा कारभार त्याचा आहे हे मानतो. हा काही क्रांतिकारक बदल नव्हे, बांदार लोक तसेच राहिले. पण चारशे वर्षं राखण केलेल्या माणसासमोर आता जनतेनं निवडलेला माणूस उभा आहे, तर राखणदारानं करायचं काय, हा पेच तिथे तयार होतो. पडद्यावरच्या ज्या अवतारांविषयी मी इथे लिहिलं, त्यांतल्या एकाही पटकथेचा कणा लुआगा नाही. न दिसणारे डोळे, बापाकडून मुलाकडं जाणारा पोशाख, आणि आपली गरज अजून आहे का हे एका निवडून आलेल्या डॉक्टरला विचारायला लागणं: एवढ्या सामानावर एक मालिका सहज उभी राहील. दिग्दर्शक आफ्रिकेतला असावा. नट अनोळखी असावा आणि त्याचं नाव शेवटच्या भागापर्यंत श्रेयनामावलीत येऊ नये.

चड्डीवरचे पट्टे मात्र परत आणावेत.