रस्त्यांची कर्जे आणि ‘पुनर्वसन’ हा शब्द

रस्ते व वाहतूक यांसाठी सार्वजनिक बँका निरनिराळ्या देशांना जी कर्जे देतात, त्यांचे परीक्षण बहुधा व्याज, फेडीची मुदत आणि वाहतुकीची वाढ या कसोट्यांवर होते. या कसोट्या आवश्यकच आहेत. तथापि प्रत्येक कर्ज हा एक लेखही असतो, आणि त्यातील संज्ञांवरून कोणास काय मिळावयाचे हे ठरते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यांकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

पैशाच्या कसोटीवर जपानचे उदाहरण निःसंशय यशाचे आहे. १९६१ साली जागतिक बँकेने तोकाइदो शिंकान्सेन या लोहमार्गासाठी ८ कोटी डॉलर दिले. १९६४ साली तो मार्ग सुरू झाला आणि १९९० साली जपानने बँकेच्या सर्व कर्जांची फेड पूर्ण केली. याच बँकेने ब्राझीलमधील बीआर-३६४ या महामार्गास साहाय्य केले, तेव्हा मात्र १९८५ साली तिला हप्ते थांबवावे लागले. तेथे पैसा अपुरा पडला नव्हता. आदिवासींच्या भूमीचे व अरण्याचे जे संरक्षण कागदोपत्री मान्य झाले होते, ते प्रत्यक्षात उतरले नव्हते.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा अनुभव आपणांस अधिक जवळचा आहे. २००२ साली बँकेने मंजूर केलेल्या या प्रकल्पात सुमारे १,२०,००० माणसांना स्थलांतर करावे लागणार होते. धोरणानुसार कुटुंबास २२५ चौरस फुटांची खोली आणि दुकानदारास तेवढ्याच मर्यादेपर्यंतचा गाळा विनामूल्य मिळावयाचा होता. मोठ्या दुकानदारांनी २००४ साली बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली: जागा मिळेल, पण गिऱ्हाईक मिळेल काय? मंडळाच्या अहवालानंतर १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे कर्जवितरण स्थगित केले. त्याच वर्षीच्या जूनअखेर ते सशर्त पुन्हा सुरू झाले.

या वादाचे मूळ ‘पुनर्वसन’ या शब्दातही दिसते. ‘वस्’ म्हणजे राहणे. घराच्या बदल्यात घर दिले की शब्दाचा अर्थ पुरा होतो. उदीम, उधारी आणि ओळखीचे गिऱ्हाईक त्यात येत नाहीत. इंग्रजीत स्थलांतरितास वसविणे आणि त्याचे जीवनमान पूर्ववत करणे यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठी व्यवहारात दोहोंचा भार या एकाच शब्दावर पडतो. उलट ‘प्रकल्पग्रस्त’ हा आपला शब्द अधिक सत्यनिष्ठ आहे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ‘ग्रास’ हा शब्द त्याच धातूचा. ‘प्रकल्पबाधित’ हा पर्याय त्यामानाने बराच सौम्य वाटतो.

शब्द बदलल्याने धोरण बदलते असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. इंग्रजीत दोन शब्द असूनही मुंबईतील दुकानदारांची तक्रार टळली नाही, हे त्याचे प्रत्यंतरच होय. परंतु ज्यास स्वतंत्र नाव नाही, त्याची मोजणी सहसा होत नाही. आणि ज्याची मोजणी नाही, त्यासाठी हप्ता राखून ठेवला जात नाही. म्हणून कर्जाच्या मराठी कागदपत्रांत ‘निवासाची भरपाई’ व ‘उपजीविकेची भरपाई’ ही दोन कलमे वेगळी लिहावीत, आणि दोहोंचा हिशेब वेगळा मागावा. रस्त्याची लांबी मोजताना आपण जी काटेकोर भाषा वापरतो, तीच रस्त्यासाठी उठणाऱ्या माणसाच्या वाट्यासही यावयास हवी.