गांजाच्या झाडातील लिंगभेद : एका अहवालाची समीक्षा
भारतीय भांग-गांजा आयोगाच्या १८९४ च्या अहवालात छत्रपती संभाजीनगरच्या शेजारील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील गांजाच्या लागवडीचा वृत्तांत आला आहे. नरझाडे वेळीच उपटावीत, म्हणजे मादीझाडांवर बी धरत नाही, अशी तेथील रीत होती. परंतु तेवढ्याने पीक निर्बीज होतेच, असे मानणे योग्य नव्हे. मादीझाडावरही कधी नरफुले येतात. प्रतिकूल हवापाणी हे त्याचे एक कारण. तथापि ही प्रवृत्ती आनुवंशिकही असते. अशा झाडाच्या स्वपरागणाने धरलेल्या बियांपासून बहुधा मादीझाडेच निपजतात आणि तोच दोष पुढे नेतात. तेच बी पुन्हा पेरले, तर नरझाडे उपटण्याचे श्रम व्यर्थ होत. निवड केवळ नर-मादीची नव्हे, वंशाचीही व्हावयास हवी.